अडतीस रुपयांवरचा ठिपका

दोन रुपये खोटे आहेत म्हटल्याबरोबर आक्कांनी माझ्या बोटांवर डोळे रोखले.

बेळगावातल्या एका सराफी पेढीवर मी पारखी होतो. पारखी म्हणजे नाणं खरं की खोटं ते सांगणारा. रुपया दगडावर टाकायचा. खणखणला तर चांदी, बद्द वाजला तर शिसं. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे परदेशच. तिकडं जाणारे आमच्याकडनं तिथल्या नोटा घेऊन जायचे. त्यासाठी पेढी जे कापून घ्यायची तो बट्टा.

आक्का बोरगावच्या. तंबाखू पिकवणारं जैन घर, मालक वारलेले. लेक मडगावला दिलेली. पोटातलं बाळ आडवं आहे, ऑपरेशन करायला लागणार, दवाखाना पैसे आधी मागतोय, असं जावयाचं पत्र आलं होतं. आक्का चाळीस रुपये घेऊन निघाल्या होत्या.

मी नोटा पुढं केल्या. त्यांना पटेना. चांदी देऊन कागद घ्यायचा, वर बट्टा द्यायचा, आणि तिकडं कुणी घेतला नाही तर? त्यात ही दोन नाणी खोटी निघालेली.

"माझं खरं गल्ल्यात गेलं आणि खोटं मला दावलंस न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. पंधरा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. कर नाही त्याला डर कशाला, म्हणून उरलेल्या अडतीस रुपयांवर पोलादी खिळ्यानं एकेक बारीक ठिपका मारून दिला. नाणं तपासल्याची पारख्यांची ही जुनी खूण. आता वाटेत कुणी बदललं तर लगेच कळेल, असंही ऐकवलं. आक्का खूश झाल्या आणि चांदीच घेऊन गोव्याला जायला लोंढ्याच्या गाडीत बसल्या.

नवव्या दिवशी परत आल्या. हातात पाटल्या नव्हत्या.

इंग्रजी रुपया मडगावात एरवी बिनबोभाट चालायचा. पण दवाखान्याच्या काउंटरवरच्या कारकुनानं ठिपके बघितले आणि पिशवी परत सरकवली. भोक पाडून आतली चांदी काढली असणार, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतले नसते. जावयानं दुकानं पालथी घातली, कुणी हात लावेना. शेवटी पाटल्या गहाण टाकायला गेले, तर सोनार माझ्यावर ताण. सोनं घासून, तोलून, शेजाऱ्याला दाखवून पैसे द्यायला त्यानं दुसरा दिवस लावला. तोवर कळा सुरू झाल्या होत्या.

"लेक वाचली," आक्का म्हणाल्या. "नातू न्हाय."

मला त्यांच्याकडं बघवेना. चार शिव्या तरी घालाव्यात असं वाटत होतं. त्यांनी नुसती पिशवी माझ्यापुढं ओतली.

"ह्यातलं एक तरी खोटं हाय का, अण्णा?"

"न्हाय, आक्का."

"मग नोटा दे. पाटल्या सोडवायच्या हायत."

दिल्या. पेढीच्या शेठजींनी बट्टा सोडला नाही, माझ्या पगारातून कापला. ते बरोबरच झालं. ठिपके मी आक्कांच्या सोयीसाठी मारलेच नव्हते. माझ्यावर संशय घेतला त्याचा राग काढला होता. पुढं गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारायचो, पैसे तिकडं कुणाला द्यायचेत आणि तो काय घेतो. नाणं खरं आहे हे पारख्याला ठाऊक असून भागत नाही, तिकडच्या कारकुनाला पटावं लागतं.