लीलाची तीन फुटांची टाकी

आमची लीला भित्री आहे. मराठी शाळेत तीस वर्षं पोरांना वळण लावलं, पण घरी दुधाला विरजण लावायचं तरी देवाचं नाव घेऊन लावणार. तिच्या मनात एकच भीती घर करून बसलीय: आपल्या हाताला यश नाही.

ही भीती आम्हीच तिला दिली. धारवाडच्या सप्तापुरातल्या ह्याच घरात आमचं पहिलं बाळ अठराव्या दिवशी गेलं, आणि माझी आई चार बायकांत म्हणाली, "हिच्या हातालाच यश नाही बघा." मी तिथंच बसलो होतो. बोललो नाही. पुढं गुलाब वाळला, मांजर मेलं, की तेच वाक्य. आई गेल्यावर ते मी चालू ठेवलं, थट्टेत. मग प्रियांका झाली, तर तिला न्हाऊ घालायलाही लीला शेजारच्या अक्कांना बोलवायची. पोटची पोर, पण हात लावायची भीती.

ती प्रियांका दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि काचेच्या पेटीतले दोन गोल्डफिश आमच्या गळ्यात बांधून गेली. लीलानं एकीला थोरली म्हटलं, दुसरीला धाकटी. मासे वाढले, पेटी तेवढीच राहिली. थोरलीला धड वळता येईना. देशपांडे नगरात माशांचं दुकान आहे श्रीहर्षचं. तो लीलाला म्हणाला, "अक्का, ह्यांना मोठी टाकी पाहिजे. ह्या डबड्यात फार दिवस काढणार नाहीत."

झालं. हिची झोप उडाली. ठेवले तर मरणार, हलवले तर आपल्या हातानं मरणार. आठवडाभर ताटावर बसून भात नुसता चिवडत होती.

शेवटी तीन फुटांची टाकी आणली. श्रीहर्षनं सांगितल्याबरहुकूम पाणी भरलं, फिल्टर लावला, आणि महिनाभर मासे न घालताच ते सगळं चालू ठेवलं. जुन्या पेटीतल्या स्पंजाचं गढूळ पाणी तिनं नव्या टाकीत पिळलं. वर रोज माशांच्या खाण्याचे चिमूटभर दाणे टाकायची.

"मासे नाहीत तर जेवण कुणाला?" मी विचारलं.

"अहो, पाण्यात बारीक जीव वाढतात. ते माशांची घाण खातात. ते वाढल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत."

मी पेपरातून मान वर न काढता "हं" म्हटलं. ते "हं" मला भोवलं.

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. आलं की शिळं ओतायचं, पिंप घासायचं, ताजं भरायचं. धारवाडकराच्या हाडीमासी मुरलेली सवय ही. बुधवारी लीला बहिणीबरोबर दाजीबानपेठेत साड्या घ्यायला गेली होती आणि अकराला नळ सुटला. पिंपं भरली, घागरी भरल्या, तरी पाणी चालूच. समोर ती टाकी, महिन्याचं पिवळट पाणी घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी लीला मासे सोडणार होती. म्हटलं, बिचारीची कंबर दुखते, आपण करून टाकू. टाकी उपसली, भांड्यांच्या साबणानं घासली, फिल्टरमधला स्पंज पांढरा होईस्तोवर पिळला आणि ताजं पाणी भरलं. करायला गेलो गणपती अन् झालं माकड, पण ते तेव्हा कुठं ठाऊक.

संध्याकाळी ती आली आणि टाकीपुढं उभीच राहिली. "अहो, बघा तरी. पाणी कसं निवळलंय. जमलं मला."

लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता. सांगायचं जिवावर आलं. वाटलं, स्वच्छच तर केलंय, त्यात सांगण्यासारखं काय?

गुरुवारी सकाळी तिनं अंघोळ करून मासे सोडले. दुपारी जेवण उरकून येऊन बघतो, तर दोघी पाण्यावर तोंड काढून धापा टाकताहेत. कल्ले लाल झालेले. थोरली एका अंगावर कलंडत होती, पुन्हा सावरत होती. मी लीलाला हाक मारली.

लीलानं श्रीहर्षला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अक्का, नीर हळेदेन, होसदेन?" त्यानं विचारलं. पाणी जुनं की नवं?

"जुनंच आहे रे. महिन्याचं. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग जागा बदलल्याचा धसका असेल. आता अजिबात हलवू नका. हलवलं की संपलं. पाणी बदललं असतं तर गोष्ट वेगळी, मग एक मिनिट ठेवायचं नव्हतं त्यात."

लीलानं फोन बंद केला नाही, तसाच छातीशी धरला. "मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "माझा हातच असा."

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मासे गेले असते, चार दिवस ती रडली असती, आणि मी तिला समजावणारा भला माणूस ठरलो असतो. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. साठी उलटलेला माणूस मी, बायकोसमोर शाळेतल्या पोरासारखा घाबरलो होतो.

"लीला, काल मी पाणी बदललं. टाकी साबणानं घासली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग फोन तोंडाशी नेला आणि वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "श्रीहर्ष, आमच्या ह्यांनी साबण लावलाय. काय करू, लवकर सांग."

जुन्या पेटीतलं पाणी सुदैवानं तसंच होतं. तिनं स्वतःच जाळी घेतली, आधी थोरलीला उचललं, मग धाकटीला. मी पुढं झालो तर कोपरानं मला बाजूला सारलं. संध्याकाळपर्यंत ती त्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसली, आणि मी दारात उभा. तिनं मला बस म्हटलं नाही.

दिवेलागणीला धाकटी खाली जाऊन पोहू लागली. थोरली वरच तरंगत राहिली.

लीलानं तिला जाळीनं बाहेर काढलं, माझा हात ओढून पालथा होता तो उताणा केला, आणि थोरलीला त्यावर ठेवलं. गार होती.

"हिला तुम्ही पुरा," ती म्हणाली, आणि आत धाकटीकडं गेली.