तोरण्याच्या उतरणीवरचे रिकामे हंडे

साबण माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बराच तणतणणार आहे, तेव्हा मला कुणी साधुसंत समजायला नको.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही शाळेतले चार मास्तर तोरणा बघायला निघालो. पुढारी अर्थात नानासाहेब, वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठे. नसरापूरपर्यंत मोटार मिळते, माणशी आठ आणे, धूळ फुकट. पुढे वेल्ह्यापर्यंत बैलगाडी ठरवावी लागते. कंबर नाजूक असेल तर उशी न्या. वेल्ह्यात एका घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. काय सांगू, बोटं चाटत उठलो!

दुसऱ्या दिवशी पहाटे चढलो, गड पाहिला आणि दहाच्या सुमारास धनगरवाड्याच्या अंगाने उतरू लागलो. ऊन मी म्हणत होतं. वाटेत झरा लागला. झरा कसला, कातळातून थेंब थेंब पाणी आणि खाली जेमतेम दोन घागरींचा खड्डा. शेजारी सहा रिकामे हंडे ओळीने मांडलेले, माणूस एकही नाही. नानासाहेबांनी पायाने हंडे बाजूला सारले, माझ्याकडून साबण घेतला आणि खड्ड्यातच बसून आंघोळ केली. आम्ही पाय धुतले. मी तर सदराही खळबळून घेतला.

तेवढ्यात वरून एक म्हातारी धावत आली. ठकूबाई तिचं नाव. फेसाळलेला खड्डा बघून ती मटकन खालीच बसली.

"आवं, ह्ये काय केलंसा? पाळी लागलीया न्हवं हितं!"

"अहो बाई, पाणी देवाचं आहे, तुमच्या घरचं नाही," नानासाहेब अंग पुसत म्हणाले.

"देवाचं हाय म्हून तर पाळी हाय. सून बाळंतीण हाय माजी, कालच्यानं. घरात थेंब न्हाई. बायांनी आपलं हंडं मागं घेतलं, माजा फुडं सारला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना स्वतःला पाणी नाही त्या बाया मागे सरल्या, आणि आम्ही शिकले-सवरलेले हंड्यांना पाय लावून मोकळे! मी म्हटलं, "नानासाहेब, खड्डा उपसू आणि हिचा हंडा भरून देऊ." ते म्हणाले, "गाडी खोळंबली आहे, मास्तर. फार मनाला लावून घेऊ नका." आणि तिघे चालू लागले.

मी राहिलो. साबणाचं पाणी उपसून टाकलं, खड्डा पुसला आणि करवंटीने थेंब गोळा करत बसलो. हंडा भरायला दिवस कलला. ठकूबाई हंडा डोक्यावर घेऊन गेली. रात्री वेल्ह्यात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी नसरापूरपर्यंत पायी आलो. पायांना फोड आले. बरं झालं.

पुण्यात नानासाहेब ओट्यावर बसून चारचौघांना सांगत होते, "गड उत्तम, पण पाण्याची फार गैरसोय. आणि माणसं भांडखोर!" मी तिथेच सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, साबणासकट. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू!

तुम्ही मात्र तोरण्याला जरूर जा. फक्त झऱ्यापाशी रिकामे हंडे दिसले, तर तिथे माणसं उभी आहेत असं समजा आणि त्यांच्या मागे उभे राहा.