आधी कोकराला

स्पिरुलिना. हा शब्द तोंडात बसायलाच मला महिना लागला. पाण्यात वाढणारं बारीक शेवाळ वाळवून केलेली हिरवी भुकटी. लेकरांच्या अंगाला लागते, असं बैठकीत सांगितलं आणि पुड्यांचं खोकं माझ्या अंगणवाडीत येऊन पडलं. आधीच वजनं घ्या, मोबाईलवर भरा, परत वहीत लिहा. त्यात हे. खरं सांगते, जीव नुसता विटला होता.

जवळा बाजारच्या अलीकडं मेंढरं राखणारं एक घर आहे. तिथली दोन वर्षांची पोरगी वजनाच्या तक्त्यावर कधीची लाल पट्ट्यात, म्हणजे फारच कमी वजनाची. तिच्या आईला मी पुड्या दिल्या, वरणात कालवून दे म्हटलं. तीनदा वजन केलं. काटा जागचा हलेना.

शेवटी उन्हातान्हात तिच्या घरी गेले. बघते तर अंगणात कोकराचं तोंड हिरवंगार! माझं डोस्कंच फिरलं.

"काहून गं? लेकराचं खाणं जनावराला घालून राहिलीस?"

ती शांतपणे म्हणाली, "बाई, हौदातल्या शेवाळावानी वास येतो त्याला. माझं पहिलं लेकरू हगवणीनं गेलं. आता ही एकच हाय. म्हणून आधी कोकराला देऊन पाह्यलं."

"मग? चांगलं टुणटुणीत तर आहे की!"

"कोकराचं काय, ते पोतंबी चावतं. माणसाचं सांगा. तुमी खाल्लं का?"

घरोघर पुड्या वाटत फिरले, पण स्वतःच्या जिभेला कधी लावली नव्हती. लाज वाटली, फार लाज वाटली. तिथंच पुडी फोडली आणि चमचाभर भुकटी कोरडीच तोंडात टाकली. अगं बाई, काय तो वास! डोळ्यांत पाणी आलं, पण गिळली. ती माझ्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"उद्या पाहू," म्हणाली.

घरी येऊन न जेवताच आडवी झाले. इतकी वर्षं झाली या कामाला आणि अजून माझ्या शब्दावर कुणी लेकराला एक घास देत नाही, या विचारानं रडूच आलं.

सकाळी कुलूप काढायच्या आधीच ती अंगणवाडीच्या दारात, पोरगी कडेवर. मला खालून वर न्याहाळलं.

"पोट ठीक हाय?"

"ठीक आहे."

"उलटीबिलटी?"

"नाही गं बाई."

मग तिनं पोरगी माझ्याकडं दिली. "तुमच्या हातानं भरवा," म्हणाली. "माझा हात धजत न्हाई."