देवी डॉक्टरांची फटफटी आणि मायची म्हैस

मुलांनो,

परवा फोनवर समीर सांगत होता, की भाड्याच्या घरात मोटारसायकल ठेवायला त्याला धड जागा नाही. दोन साखळ्या घालूनही जीव तिच्यातच अडकलेला असतो. फोन ठेवला आणि मला आमचे देवी डॉक्टर आठवले. तुम्हाला त्यांच्याबद्दल कधी सांगितलेले नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

माझ्या लहानपणी गावोगाव फिरून देवीची लस टोचणाऱ्यांना देवी डॉक्टर म्हणत. आमचे डॉक्टर फटफटीवरून फिरत. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. तिचा आवाज आमच्या कळसाडी गावाच्या शिवेवर आला, की गावातली झाडून सगळी पोरे उसात शिरत. डॉक्टर चावडीपाशी स्पिरिटचा दिवा पेटवून बसत आणि टोचायला एक दंड मिळत नसे. "पाटील, तुमच्या भागात मुले फार कमी जन्माला येतात," असे ते एकदा माझ्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले होते. मी तेव्हा कणगीमागे बसले होते.

ते आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहात. फटफटीही त्याच खोलीत असे; डॉक्टर भिंतीला चिकटून झोपत. एका बाजाराच्या दिवशी तिच्या भोंग्याचा रबरी फुगा कुणीतरी पळवला. तेव्हापासून डॉक्टर तिचा प्लग काढून खिशात ठेवू लागले आणि नवा भोंगा उशाखाली. कूस बदलली की तो वाजे आणि सगळे घर जागे होई. माझी आई, म्हणजे माय, तेही सोसत होती. पण पापडांना पेट्रोलचा वास लागला तेव्हा तिने निकाल दिला.

"डाक्टर, तुम्ही ऱ्हा. ती गोठामा ऱ्हाई."

"वहिनी, लोकांची बायको रुसली तर माहेरी सापडते. ही गेली तर मी कुठे शोधू?"

"गोठामा चंद्री शे. ती कोनले येऊ देत नही."

चंद्री आमची म्हैस. तिचे रेडकू नुकतेच मेले होते आणि ती कासेला हात लावू देत नव्हती. पेंढा भरलेले रेडकू पुढे उभे करून पाहिले. तिने ते शिंगाने उडवले. येत्या बाजाराला तिला विकायचे, असे वडिलांनी ठरवले होते. मायने तिला लहानाची मोठी केली होती. तेव्हापासून माय धड जेवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गोठ्याच्या दारात थिजून उभे होते. चंद्री फटफटीची कातडी गादी चाटत होती. त्या गादीत किती उन्हाळ्यांचा घाम मुरला होता कोण जाणे. आणि माय खाली बसून धार काढत होती.

"वहिनी, माझी गादी."

"चाटू द्या डाक्टर. कातडं तिना भाऊबंदनंच शे."

त्या दिवसापासून फटफटीला चोराची भीती उरली नाही. अडचण एवढीच, की चंद्री डॉक्टरांनाही जवळ येऊ देईना. मग मायने तोड काढली. रोज सकाळी डॉक्टर मायचे जुने लुगडे डोक्यावरून घेऊन, पेंडीची बादली पुढे करत गोठ्यात शिरायचे आणि हळूच फटफटी बाहेर काढायचे. हे पाहायला पोरे उसातून बाहेर येत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना त्याच वेषात गाठले आणि गाडी कुठे आहे म्हणून विचारले. डॉक्टर लुगडे सावरत म्हणाले, "सध्या आईपाशी आहे, साहेब."

संध्याकाळी शिवेवर फटफट ऐकू आली, की पोरे पळत आणि चंद्री दाव्याला ओढ देत रेकू लागे. डॉक्टर म्हणत, "या गावात माझी वाट पाहणारे कुणीतरी आहे."

मग त्यांची अक्कलकुव्याला बदली झाली. फटफटी गेली, की चंद्रीचे दूध जाणार आणि दूध गेले, की चंद्री बाजारात जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होते. निघायच्या सकाळी डॉक्टर लुगडे घेऊन गोठ्यात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा फटफटीवर गादीच्या जागी कापूस भरलेले पोते सुतळीने बांधलेले होते.

माय म्हणाली, "डाक्टर, इतली वाट पोतावर?"

"लेकरू आईपासून तोडू नये, वहिनी." त्यांनी लुगड्याची नीट घडी करून तिच्या हातात दिली आणि पोत्यावर बसले. पोरे या वेळी पळाली नाहीत. शिवेपर्यंत त्यांच्यामागे धावली. डॉक्टर पुन्हा कधी भेटले नाहीत.

चंद्री विकली गेली नाही. गादी तिच्यापुढे खुंटीला टांगलेली असे, आणि ती दूध देत राहिली.

समीर, तुझ्या गावात म्हैस मिळणार नाही. निदान घरमालकिणीशी गोड बोलत जा.

गादी माझ्याकडे आहे. स्प्रिंगा गंजल्या आहेत. कातडे मधोमध चाटून चाटून गुळगुळीत झाले आहे.