सुतळीच्या गाठी

रूथला फिट आली की मी मोबाईलमध्ये तारीख लिहून ठेवतो. काल डॉक्टरांनी ती यादी वाचली आणि "छान नोंद ठेवलीत" म्हणाले. माझ्या नाकात मात्र सुतळीचा कुबट वास शिरला.

रूथ माझी थोरली बहीण, बुद्धीनं लहानच राहिलेली. आई निरक्षर. रूथला फिट आली की ती सुतळीला एक गाठ मारायची.

मी कॉलेजात असताना आम्ही तिघं कोल्हारहून एसटीनं नगरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळा येते फिट?"

आईनं पिशवीतून सुतळी काढली. "मोजा साहेब, पेरणीपासनंच्या समद्या हायेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा हात खाली दाबत मीच म्हणालो, "येते कधीतरी."

"अशा पेशंटना यायचीच," म्हणत त्यांनी जुन्याच गोळ्या लिहून दिल्या.

परतताना स्टँडवर रूथला पुन्हा फिट आली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं फेस पुसला आणि सुतळी माझ्यापुढं केली.

"माजे हात गुतलेत. ही गाठ तू मार."

सुतळी हातात घेण्याआधी मी आजूबाजूला कोण बघतंय ते पाहिलं.