घोगरे उस्तादांनी हात न लावलेला जोड

सध्या माझा मुक्काम अमेरिकेत रेडमंडला, लेकीकडे. नववीत शाळा सोडून फौजेत गेलो, सतरा वर्षं व्हेइकल इलेक्ट्रिशियन होतो, हवालदार म्हणून घरी आलो. इंग्रजी बेताचं, त्यामुळे इथे दुकानात बोलायचीही धास्ती वाटते. पण गाडीचं बॉनेट उघडलं की भाषा लागत नाही.

शनिवारी ०९३० वाजता जावई निखिलराव दोन जादा लाइट घेऊन गॅरेजमध्ये आले. रविवारी लेक आणि नातीला घेऊन घाटातून बर्फात जायचं होतं.

"बाबा, हेडलाइटच्या वायरलाच जोडून टाकू या. दहा मिनिटांचं काम. व्हिडिओत तसंच केलंय."

"नाही. रिले लावायचा, बॅटरीवरून वेगळी लाइन ओढायची, म्हणजे जादा लाइटचा भार हेडलाइटच्या वायरवर येत नाही."

"दोन तास जातील. तुम्ही टायरमध्ये हवा भरायचीसुद्धा परेड करता."

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि हे सांगितलं.

पूर्वेकडे डोंगरात आमचं वर्कशॉप होतं. ०५३० पीटी, ०८०० हजेरीचं फॉलइन, मग गाड्या. धुक्यामुळे प्रत्येक गाडीला फॉग लाइट लावत होतो. नायक घोगरे माझे उस्ताद. त्यांचा नियम एकच: जोडणाऱ्याने जोड मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने त्याला हात लावून बघायचा.

त्या दिवशी गाड्यांचा कॉन्व्हॉय १४०० ला सुटणार होता. शेवटी हाती आलेल्या गाडीला रिले उरला नव्हता. एक माझ्या हातून जळला होता, म्हणून स्टोअरमध्ये मागायला भ्यालो. फॉग लाइट सरळ हेडलाइटच्या वायरला जोडले. पेटले. छान पेटले.

"रिले टाकलास?"

"टाकला, उस्ताद."

"तुझं काम आता तपासायला नको," ते म्हणाले. हात न लावता त्याच गाडीत बसले.

मी सगळ्यात मागे, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत होतो. १६४० ला रेडिओ वाजला; टू फोर म्हणजे उस्तादांची गाडी.

"टू फोर. लाइट फेल. रोड पर रुका हूँ. ओव्हर."

पुढून कमांडरसाहेबांचा आवाज: "टू फोर, पीछे वालों को रोको. ओव्हर."

जादा लोडने फ्यूज उडाला होता, हेडलाइटही गेले होते. उस्ताद टॉर्च घेऊन मागे चालत आले. पहिला ट्रक थांबला. दुसऱ्याने त्याला चुकवायला गाडी बाजूला काढली. उस्ताद त्याच बाजूला उभे होते.

चौकशीत मी खरं सांगितलं. शिक्षा भोगली. फौजेने हातातलं काम काढून घेतलं नाही, हे उपकार विसरत नाही.

निखिलरावांनी बाह्या वर केल्या. कामाला लागलो. वायर ओढून झाल्यावर म्हणाले, "सांगा, बाबा."

"बॅटरीजवळ फ्यूज."

"आहे."

"रिले."

"आहे."

"पत्र्याच्या भोकात रबर."

"आहे."

"अर्थिंगचा जोड, पत्र्याचा रंग खरवडून."

त्यांनी ओढून पाहिला. "ढिला आहे."

खरंच ढिला होता. मी पुन्हा आवळला. १२१० ला स्विच दाबला. मग जादा लाइटचा फ्यूज मुद्दाम काढला. ते विझले, हेडलाइट चालू राहिले. रविवारी अंधार पडायच्या आत तिघंही घरी होती.

उस्ताद कऱ्हाडकडचे. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली. धाकटी मोठी झाल्यावर तिच्या दारात जाऊन मी त्या रिलेचं सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "काका, पाणी घेता?"

दर वर्षी त्या तारखेला मी तिला फोन करतो. ती उचलते.