चांदीखालची चुणी

पारमेन लुकिचने उभा जन्म संत रंगवले, पण एकाही संताचं तोंड त्याच्या हातचं नव्हतं. सोस्नोव्काच्या चित्रशाळेत रीतच तशी होती. डोंगर, झाडं, वस्त्रं एकाने करायची आणि चेहरा नि हात दुसऱ्याने. चेहरेवाला कोन्द्राती खिडकीपाशी बसायचा, पांढरा पाव खायचा. वस्त्रवाले मागच्या अंधारात, काळ्या पावावर. चित्राच्या लाकडी फळीवर सही कोणाचीच नसे, तरी सगळं खेडं 'कोन्द्रातीची देवमाता' म्हणे. वस्त्रं जणू आपोआप उगवत होती.

"आज किती बिनतोंड्यांना कपडे घातलेत?" कोबीचं सूप वाढताना बायको उस्तिन्या विचारायची.

"नऊ जणांना. तोंडं आणून दे, तीही लावतो."

गावच्या चर्चसाठी मोठी देवमाता करायची ठरली, तेव्हा पारमेनने टोपी काढून चित्रशाळेच्या मालकाकडे चेहरा रंगवायला मागितला. मालक खो खो हसला. "लुकिच, तू देवांचा शिंपी. शिंपीच राहा बाबा."

मग त्याने जीव ओतला तो वस्त्रात. त्यांचा मुलगा फेद्या तीन महिन्यांचा होऊन वारला होता. तापलेल्या पोराला शालीत घेऊन उस्तिन्या रात्रंदिवस बसली, तेव्हा तिच्या कोपरापाशी शालीला एक खोल चुणी पडली होती. तीच चुणी त्याने देवमातेच्या गडद लाल वस्त्रावर उतरवली, बाळाच्या अगदी पाठीशी. कोणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये उस्तिन्या चित्रापुढे वाकली ती उठेचना. "माझी शाल," एवढंच म्हणाली. मग ती रोज जायला लागली. फेद्याचं दुसरं काहीच त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

हे सुख दीड वर्ष टिकलं. एका धान्याच्या व्यापाऱ्याचं दुखणं बरं झालं आणि त्याने देवमातेच्या चित्रावर बसवायला नवसाचं चांदीचं कवच दिलं. चेहऱ्याला नि हातांना तेवढी भोकं, बाकी सगळं झाकलेलं. गाव धन्य झालं. मालकाच्या तर डोक्यात लखकन प्रकाश पडला: कवचाखाली रंगवायचंच कशाला? पुढे नुसते चेहरे नि हात रंगवलेल्या फळ्या निघू लागल्या. खाली कोरं लाकूड, वर स्वस्तातला पत्रा. पारमेनच्या हातातला कुंचला गेला आणि हातोडी आली. देवाच्या नावाने चाललेली ती लबाडी तो निमूट ठोकत राहिला. पोट कोणाला चुकलंय?

एकोणीस वर्षांनी, इस्टरच्या आधी, चर्चमधल्या देवमातेचं कवच घासायला काढलं. काम अर्थात पारमेनचंच.

"पाव भट्टीतून काढते नि आलेच," उस्तिन्या म्हणाली. तिचे गुडघे गेले होते. "मी येईपर्यंत परत लावू नका हं."

मेणबत्त्यांच्या काजळीने आणि लोकांच्या चुंबनांनी कोन्द्रातीचा चेहरा काळवंडला होता. वस्त्र मात्र काल रंगवल्यासारखं होतं, चुणीसकट. कवच घासून झालं तरी पारमेन बघतच उभा राहिला.

धर्मगुरू पुढे आले. "हे काय, इतकं भडक? कुणी मागून रंग फासला की काय?"

"नाही बाबा, मूळचंच आहे."

"देवमातेला शोभत नाही. लोक यायच्या आत झाक."

"बाबा, माझी बायको येतेय, जरा..."

"तुझ्या बायकोसाठी देवमातेला ताटकळत ठेवू?"

दोन घावांत बसणाऱ्या खिळ्याला पारमेन सहा-सहा घाव घालत होता, दाराकडे बघत. शेवटचा खिळा बसला तेव्हा उस्तिन्या धापा टाकत आत आली. हाताला पीठ तसंच होतं.

"अहो, कोणी लावलं एवढ्यात?"

हातोडी पारमेनच्या हातातच होती.

"मी," तो म्हणाला.